मेट्रोची हरित वीज आणि बेळगाव सीमाभाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या असंख्य घरांतली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात किंवा बेंगळूरला राहतात आणि तिथल्या मेट्रोने रोज ये-जा करतात. ती मेट्रो ज्या विजेवर धावते ती वीज शहरात क्वचितच तयार होते. ती आपल्यासारख्या जिल्ह्यांतल्या माळरानांवर, डोंगरमाथ्यांवर आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरघरात तयार होते. मेट्रो नवीकरणीय विजेवर चालवण्याच्या बातम्या वाचून सीमाभागातील वाचकांच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

मेट्रो सौरविजेवर चालते, याचा नेमका अर्थ काय?

डब्याच्या छतावर सौर पॅनेल बसवून गाडी ओढली जात नाही. सौर, पवन, जल, कोळसा अशा सर्व प्रकारच्या केंद्रांतून आलेली वीज एकाच ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यात, मिसळते आणि एकदा मिसळल्यावर तिचा उगम ओळखता येत नाही. मेट्रो कंपनी एखाद्या सौर प्रकल्पाशी वीजखरेदीचा दीर्घ मुदतीचा करार करते, प्रकल्प तेवढी वीज ग्रिडमध्ये सोडतो आणि मेट्रो आपल्या उपकेंद्रातून तेवढी वीज उचलते. यालाच सौरविजेवर चालणे म्हणतात.

हा हिशेब महिनाअखेरीस एकदाच होतो असा अनेकांचा समज असतो, पण तो बरोबर नाही. भारतात विजेचे वेळापत्रक दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून आखले जाते आणि कोणी किती वीज दिली, कोणी किती घेतली, याची नोंद प्रत्येक भागासाठी होते. त्यामुळे दुपारी बारा वाजता मेट्रो सौरविजेवर चालली हे विधान हिशेबाने पडताळून पाहता येते आणि रात्री नऊ वाजताचे तसलेच विधान त्याच हिशेबाने खोडूनही काढता येते.

मेट्रोला वीज कुठे कुठे लागते?

गाडी ओढण्यासाठी आणि स्थानके चालवण्यासाठी, अशी दोन ठिकाणी. सरकते जिने, लिफ्ट, दिवे, सिग्नल, पंप आणि वातानुकूलन हा स्थानकांचा खर्च आहे. भुयारी मार्गावर बोगद्यातली हवा सतत खेळती ठेवावी लागत असल्यामुळे उन्नत मार्गाच्या मानाने तो बराच वाढतो.

प्रत्येक शहराची रचनाही वेगळी आहे. बेंगळूरच्या नम्मा मेट्रोमध्ये ६६ केव्हीची (किलोव्होल्टची) वीज उपकेंद्रात घेऊन ती ३३ केव्हीवर उतरवली जाते आणि शेवटी ७५० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करून रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून गाडीला पुरवली जाते. पुण्यातल्या सुरुवातीच्या दोन मार्गांवर, नागपुरात आणि दिल्लीत मात्र आपल्या रेल्वेसारखी डोक्यावरची तार असते आणि तिच्यात २५ केव्ही एसी (दिशा सतत बदलणारी) वीज असते. हा फरक पुढच्याच प्रश्नात महत्त्वाचा ठरतो.

ब्रेक लावल्यावर वीज परत मिळते असे म्हणतात. ते कसे?

नवीकरणीय विजेची चर्चा करण्याआधी या प्रश्नाकडे लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते, कारण ज्या विजेची गरजच उरली नाही ती कुठूनच आणावी लागत नाही.

मेट्रोची स्थानके साधारण एक-दीड किलोमीटर अंतरावर असतात. गाडी सुटते, ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वेग पकडते आणि लगेच पुढच्या फलाटासाठी वेग कमी करू लागते. फलाटावर उभे राहून नीट ऐकले तर गाडी आत येताना तिचा वरच्या पट्टीतला आवाज टप्प्याटप्प्याने खाली येतो आणि अगदी शेवटच्या काही मीटरांतच घर्षणाच्या ब्रेकचा बारीक आवाज येतो. त्याआधीचा जवळजवळ सर्व वेग मोटारींनीच खाल्लेला असतो. एरवी गाडी ओढणाऱ्या त्या मोटारी ब्रेक लावताना जनित्राचे काम करतात आणि गाडीच्या गतीचे पुन्हा विजेत रूपांतर करतात. या पद्धतीला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात.

परत आलेली वीज कोणी तरी वापरली पाहिजे, ही मात्र अट आहे. २५ केव्ही एसी पद्धतीत ती जवळच्या दुसऱ्या गाडीला मिळते आणि उरलेली ट्रान्सफॉर्मरमधून मागे ग्रिडकडे जाऊ शकते. ७५० व्होल्ट डीसी पद्धतीत उपकेंद्रातले साधे रेक्टिफायर (एसीची डीसी करणारी यंत्रे) वीज एकाच दिशेने सोडतात. त्यामुळे त्याच वेळी जवळपास दुसरी गाडी वेग घेत नसेल, तर ती वीज रोधकांमध्ये उष्णता होऊन वाया जाते. उपकेंद्रात डीसीची पुन्हा एसी करणारे इन्व्हर्टर बसवून किंवा गाड्यांचे वेळापत्रक जुळवून हे नुकसान कमी करता येते. दिल्ली मेट्रोने ब्रेकमधून वाचणाऱ्या विजेचा प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदवून त्यावर कार्बन क्रेडिटही (टाळलेल्या प्रदूषणाची, विकता येणारी प्रमाणपत्रे) मिळवले आहेत.

स्थानकांच्या आणि डेपोंच्या छतांवर पॅनेल बसवून भागणार नाही का?

भागणार नाही, आणि हे आकडे मांडून पाहिल्याशिवाय पटत नाही. एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट छत लागते आणि आपल्याकडच्या उन्हात त्यातून वर्षाला सुमारे १,४०० ते १,५०० युनिट मिळतात. दिल्ली मेट्रोचा रिवा येथील सौर प्रकल्पाशी झालेला करार वर्षाला ३४.५ कोटी युनिटांचा आहे. तेवढे युनिट छतांवरून मिळवायचे म्हटले, तर ढोबळ हिशेबाने पाचशेहून अधिक एकर छत लागेल. कोणत्याही मेट्रोकडे एवढे छत नाही.

तरीही छतावरची वीज टाकाऊ ठरत नाही. ती जिथे तयार होते तिथेच वापरली जाते, तिला पारेषणाचा खर्च नाही आणि स्थानकांचे दुपारचे वातानुकूलन व दिवे यांचा बराचसा भार ती उचलू शकते. नागपूर मेट्रोने आपल्या गरजेच्या ६५ टक्के वीज सौर स्रोतातून घेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. गाडी ओढण्याची मुख्य वीज मात्र शहराबाहेरूनच येणार, हे सर्वच मेट्रोंना लागू आहे.

दिल्ली आणि रिवा यांचा व्यवहार नेमका कसा आहे?

मध्य प्रदेशातल्या रिवा जिल्ह्यात ७५० मेगावॅटचा सौर उद्यान प्रकल्प आहे. २०१७ च्या लिलावात त्याच्या विजेचा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे ठरला आणि त्या वेळी तो देशभर चर्चेचा विषय झाला. १८ एप्रिल २०१९ पासून दिल्ली मेट्रोला तेथील वीज मिळू लागली. सुरुवात २७ मेगावॅटने झाली. प्रकल्पातली सुमारे चोवीस टक्के वीज दिल्ली मेट्रोसाठी आणि उरलेली मध्य प्रदेशसाठी, अशी वाटणी आहे.

या दराइतकेच महत्त्व करारातल्या ग्राहकाला आहे. मेट्रोची मागणी वर्षभर जवळपास सारखी असते, मागे सरकार उभे असते आणि बिल थकण्याची भीती कमी असते. असा ग्राहक समोर असला की बँका प्रकल्पाला कमी व्याजाने कर्ज देतात आणि दर खाली येतो. म्हणजेच मेट्रो ही नुसती वीज घेणारी संस्था राहत नाही, तिच्या सहीमुळे नवा प्रकल्प उभा राहू शकतो.

चिलीची राजधानी सांतियागो येथील मेट्रोने हेच केले. शहरापासून शेकडो किलोमीटर उत्तरेला एल पेलिकानो सौर प्रकल्प आणि सान हुआन पवन प्रकल्प उभे राहिले आणि दोघांशी मिळून मेट्रोच्या सुमारे साठ टक्के विजेचे करार झाले. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून विजेवरच्या सर्व प्रवासी गाड्यांसाठी पवनविजेचे करार लागू झाले.

संध्याकाळी सूर्य मावळल्यावर मेट्रो कशावर चालते?

हा सर्वांत खरा प्रश्न आहे. मेट्रोची गर्दी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ या वेळांत असते. सौर पॅनेल सर्वाधिक वीज दुपारी देतात आणि साडेसहानंतर जवळपास काहीच देत नाहीत. नेमक्या त्याच वेळी शहरातल्या आणि गावांतल्या घरांचे दिवेही लागतात, त्यामुळे संध्याकाळी ग्रिडवर सर्वाधिक ताण असतो आणि तो आजही मुख्यतः कोळसा आणि जलविद्युत यांच्यावर निभावला जातो.

यावर जे उपाय आहेत त्यांपैकी दोन-तीन आपल्याच जिल्ह्याच्या आसपासचे आहेत. सौंदत्तीच्या डोंगरावर आणि शेजारच्या गदग जिल्ह्यात पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. वारा संध्याकाळी आणि रात्रीही वाहतो, त्यामुळे सौर आणि पवन एकत्र जोडलेल्या कराराची वीज जास्त तास मिळते. दुसरा उपाय म्हणजे पाणी वर चढवून ठेवणे. दिवसा स्वस्त सौरविजेवर खालच्या जलाशयातले पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून टर्बाइन फिरवायचे, याला उदंचन जलविद्युत म्हणतात. महाराष्ट्रात घाटघर येथे २५० मेगावॅटचे असे केंद्र २००८ पासून चालू आहे. सौंदत्ती तालुक्यात मलप्रभेच्या रेणुकासागर जलाशयाच्या आधारानेही असा प्रकल्प मांडण्यात आला आहे.

या पद्धतीत शंभर युनिट खर्चून पाणी चढवले, तर पंचाहत्तर-ऐंशी युनिट परत मिळतात. पाणी तेच ते वापरले जात असले तरी पहिल्यांदा जलाशय भरायला लागणारे पाणी आणि दरवर्षी वाफ होऊन जाणारे पाणी कुठून घेणार, हा प्रश्न उरतोच. मलप्रभेच्या पाण्यावर शेती आहे आणि हुबळी-धारवाडचे पिण्याचे पाणीही आहे. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो, त्या वर्षीचे पाणीवाटपाचे नियम प्रकल्पाच्या कागदपत्रांत आधीच लिहिलेले असावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोठ्या बॅटऱ्या हा तिसरा मार्ग आहे आणि त्यांच्या किमती उतरत आहेत. दोन ते चार तासांचा संध्याकाळचा भार उचलण्यासाठी त्या उपयोगी आहेत.

पावसाळ्यात काय होते?

जून ते सप्टेंबरमध्ये ढगांमुळे सौरवीज घटते. त्याच महिन्यांत नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पवनचक्क्यांची निर्मिती वर्षातली सर्वाधिक असते आणि धरणेही भरू लागतात. कर्नाटकाच्या दृष्टीने ही जोडी चांगली जुळते.

साखर कारखान्यांची वीज नवीकरणीय कशी? तिथे धूर तर निघतोच.

निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाक या पट्ट्यातल्या वाचकांकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे.

गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या गव्हाणीत पडलेला ऊस तुकडे होऊन एकामागून एक रोलरांतून पिळला जातो. शेवटच्या रोलरातून बाहेर पडते ते ओलसर, भुरकट चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. उसाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ते निघते आणि पिळून झाल्यावरही त्यात जवळपास निम्मे पाणी असते. पट्ट्यावरून ते थेट बॉयलरमध्ये जाते. त्याच्या उष्णतेने उच्च दाबाची वाफ तयार होते, ती आधी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरलेली तीच वाफ पुढे रस आटवायला वापरली जाते. एकाच इंधनातून वीज आणि उष्णता अशी दोन्ही कामे होतात, म्हणून याला सहवीजनिर्मिती म्हणतात. कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज ग्रिडला विकली जाते.

चिपाड जळताना बाहेर पडणारा कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढच्या हंगामाचा ऊस तो पुन्हा घेतो. म्हणून ही वीज नवीकरणीय धरली जाते. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा होत नाही. राख आणि बारीक कण अडवणारी यंत्रणा नीट चालू नसेल, तर आजूबाजूच्या वस्तीला त्रास होतो आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क नवीकरणीय या शिक्क्याने संपत नाही. या विजेचा मोठा गुण असा की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच्या हंगामात ती रात्रंदिवस, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीही, उपलब्ध असते.

विजेचे नाते आपल्या जिल्ह्याला नवे नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. घटप्रभेच्या गोकाक धबधब्यावर तिथल्या कापड गिरणीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पाण्याच्या जोरावर वीज तयार केली जात होती.

आमच्या पंपाला थ्री फेज वीज मोजके तास आणि तीही कधी कधी रात्री. शहराच्या मेट्रोला मात्र दिवसभर. हे योग्य आहे का?

या प्रश्नामागचा संताप आम्हांला समजतो. रात्री बाराला उठून, बॅटरी हातात घेऊन, सापकिरडाच्या भीतीत पंप सुरू करायला जाणाऱ्या माणसाला हरित मेट्रोचे कौतुक सांगणे अवघड आहे.

वस्तुस्थिती अशी की मेट्रोने करार करून घेतलेली सौरवीज आपल्या गावाच्या वाट्यातून काढलेली नसते. बहुतेक वेळा त्या करारामुळे नवा प्रकल्प उभा राहिलेला असतो. शेतीपंपांची अडचण अनेकदा निर्मितीत नसते. उपकेंद्राची क्षमता, लांबलचक वाहिन्या आणि जास्त भाराने जळणारे टीसी (ट्रान्सफॉर्मर) यांत ती असते. म्हणून मेट्रोची वीज बंद केल्याने गावातली वाहिनी सुधारणार नाही.

पण मागणी करायची तर ती नेमकी करता येते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेत शेतीची संपूर्ण वाहिनीच उपकेंद्राजवळच्या लहान सौर प्रकल्पाला जोडण्याची तरतूद आहे. तसे झाले, तर त्या वाहिनीवरच्या पंपांना दिवसा वीज देता येते आणि लांबून वीज आणण्यातली गळतीही वाचते. आपल्या भागात वितरणाची जबाबदारी हेस्कॉम या वीज कंपनीकडे आहे. ग्रामपंचायतीने आपल्या वाहिनीचे नाव, पंपांची संख्या आणि उपकेंद्राजवळची उपलब्ध जमीन यांसह लेखी मागणी दिली, तर तिच्यावर काही ठरण्याची शक्यता वाढते.

हरित विजेमुळे तिकीट स्वस्त होईल का?

लगेच नाही. सौरविजेचा मूळ दर कमी असला तरी त्यावर पारेषण शुल्क, व्हीलिंग शुल्क (स्थानिक वाहिन्या वापरण्याचे), क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीसाठी घेतलेला) आणि गळती यांची भर पडते. दर अनेक वर्षांसाठी बांधला जाणे हा मेट्रोचा खरा फायदा आहे. कोळशाच्या किमती वाढल्या तरी वीजखर्चाचा तेवढा भाग स्थिर राहतो आणि तिकीटवाढीचे एक कारण कमी होते. वितरण कंपनीऐवजी थेट प्रकल्पाकडून वीज घेण्याला ओपन ॲक्सेस म्हणतात; २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या किमान मागणीची मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. त्यामुळे मेट्रोच नव्हे, तर उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीतला मध्यम कारखानाही थेट हरित वीज घेण्याचा विचार करू शकतो.

यामुळे प्रदूषण खरोखर कमी होते, की तो फक्त कागदावरचा हिशेब आहे?

दोन्ही शक्य आहे, म्हणून बातमी वाचताना करार कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. भारतीय ग्रिडमधल्या सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मेट्रोच्या करारामुळे नवा सौर किंवा पवन प्रकल्प उभा राहिला, तर त्याने बनवलेल्या प्रत्येक युनिटमागे साधारण तेवढा कार्बन डायऑक्साइड टळतो.

दुसरा प्रकार प्रमाणपत्रांचा आहे. आधीच चालू असलेल्या प्रकल्पाकडून एक हजार युनिटांमागे एक या हिशेबाने नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र विकत घेऊन स्वतःची वीज हरित म्हणवता येते. कायद्याने त्याला मान्यता आहे, पण त्यातून नवी निर्मिती होईलच असे नाही. आमच्या मते ज्या मेट्रोने नव्या प्रकल्पाशी दीर्घ करार केला आणि संध्याकाळच्या तासांसाठीही तरतूद केली, तिचाच दावा मान्य करावा.

बेळगावला मेट्रो येईल का?

नजीकच्या काळात ती व्यवहार्य नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती आणि मेट्रोचा खर्च पेलण्यासाठी याच्या कितीतरी पट प्रवासी लागतात. आपल्या शहरासाठी विजेवरच्या बसगाड्या आणि त्यांच्या डेपोंच्या छतांवर सौर पॅनेल हा जवळचा मार्ग आहे. रेल्वेचे विद्युतीकरण झाल्यामुळे पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगावमार्गे धावते आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळूर-बेळगाव वंदे भारतही सुरू झाली. त्याच दिवशी बेंगळूरच्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचेही उद्घाटन झाले. मेट्रोसाठी जे हरित विजेचे करार होतात, तेच या रेल्वेमार्गालाही लागू करता येतात.

आमच्या भागात सौर किंवा पवन कंपनी जमीन मागायला आली, तर काय पाहावे?

रामदुर्ग, सौंदत्ती, अथणी या तालुक्यांतल्या कोरडवाहू जमिनींना हा प्रश्न आज ना उद्या येणारच. तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान आहे आणि तेथील जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली गेली. सुरुवातीचे भाडे एकरी वर्षाला २१ हजार रुपये होते आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ ठरली होती. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली, ही त्यातली जमेची बाजू आहे. ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि जे त्याच रानात मजुरी करत किंवा शेळ्या-मेंढ्या चारत, त्यांना मात्र भाडे मिळाले नाही आणि कामही गेले. आपल्या भागात धनगरांच्या चराईचा प्रश्न असाच उभा राहील, म्हणून ग्रामसभेत त्याची चर्चा करारापूर्वी झाली पाहिजे.

करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात : भाडे कोणत्या तारखेला आणि किती वाढणार, कंपनी बदलली किंवा बुडाली तर भाड्याची हमी कोणाची, जमिनीवर कंपनी कर्ज काढू शकते की नाही, मुदत संपल्यावर पाया, केबल आणि खराब पॅनेल कोण काढून नेणार, आणि पॅनेल धुण्यासाठी पाणी कुठल्या विहिरीतून किंवा बोअरमधून घेणार. पारेषण वाहिनीचा मनोरा शेतात येणार असेल, तर मनोऱ्याखालच्या जागेची आणि तारांखालच्या पट्ट्याची भरपाई वेगवेगळी मोजली जाते, त्यामुळे दोन्हींचे आकडे स्वतंत्र मागावेत.

उताऱ्यावर सामाईक नावे असतील, तर सर्व भावंडांची संमती आधी लेखी घ्यावी, कारण घरातली भांडणे बहुतेक पहिल्या भाड्याच्या चेकपासूनच सुरू होतात. कराराचा मसुदा कन्नड किंवा इंग्रजीत असतो आणि सीमाभागातल्या अनेक वडीलधाऱ्यांना तो वाचता येत नाही. अशा वेळी कंपनीच्या प्रतिनिधीने तोंडी सांगितलेल्या अर्थावर सही करू नये. स्वतःच्या ओळखीच्या वकिलाकडून संपूर्ण मसुदा मराठीत समजावून घ्यावा, प्रत्येक पानाची झेरॉक्स घरी ठेवावी आणि त्यानंतरच नोंदणी कार्यालयात जावे.